कणा नाही, तर हिल्डोसेरास नाही

प्रश्न : इंग्लंडमधील व्हिटबीच्या किनाऱ्यावरचा, 6 सेंटिमीटर व्यासाचा एक ज्युरासिक अमोनाइट (वेटोळ्या शंखाच्या नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म) मी विकत घेतला. विक्रेत्याने त्याचे नाव ‘हिल्डोसेरास बायफ्रॉन्स’ असे सांगितले होते. परंतु त्याच्या बरगड्या, म्हणजे शंखावरच्या उंच रेघा, सरळ असून बाहेरच्या कडेपाशी बहुतेक दुभंगतात. हे नाव योग्य आहे का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. हिल्डोसेरास बायफ्रॉन्सच्या बाहेरच्या कडेवर मधोमध उंच कणा, म्हणजे कडेने फिरणारी उभी धार, असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोबण असते, वेटोळ्याच्या कुशीवरूनही (बाजूवरूनही) एक उथळ चर फिरत जातो आणि बरगड्या विळ्यासारख्या वळतात. आपण वर्णिलेल्या दुभंगणाऱ्या बरगड्या मात्र डॅक्टिलिओसेरास या प्रजातीच्या (जीनसच्या, म्हणजे अनेक जातींच्या गटाच्या) आहेत. कडेवरून बोट फिरवून पाहा, कणा न लागता बरगड्या एका कुशीवरून दुसरीकडे सलग गेलेल्या जाणवतील. दोन्ही प्राणी ज्युरासिकमधील टोआर्सियन कालखंडातले, म्हणजे सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचे, आणि व्हिटबीच्या खडकांत दोन्ही सापडत असल्याने हा घोटाळा होतो.

जातीचे नाव सांगणे अधिक अवघड आहे. त्यासाठी नाभीचा, म्हणजे वेटोळ्यांच्या मध्यभागी असलेल्या खळग्याचा, व्यास एकूण व्यासाच्या किती टक्के आहे, शेवटच्या वेटोळ्याची उंची व जाडी किती आणि त्यावर बरगड्या किती, हे मोजावे लागते. शिवाय जीवाश्म कोणत्या थरातून निघाला हेही कळावे लागते, आणि विकत घेतलेल्या नमुन्यात नेमके तेच हरवलेले असते. तूर्त चिठ्ठीवर ‘डॅक्टिलिओसेरास, जाती अनिश्चित’ एवढेच लिहावे.