स्नोशू नेमके कसे काम करतात? 78 आणि 56 किलो वजनाच्या दोघांनी कोणत्या मापाचे घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यंदा कॅलगरीत आला आहात, जवळच्या कनॅनॅस्किस आणि बॅन्फ या डोंगराळ भागांत हिवाळ्यात चालायचं आहे, तुमचं वजन 78 किलो, पत्नीचं 56, आणि दुकानात 22, 25 व 30 इंची जोड्या मांडलेल्या आहेत.

स्नोशू म्हणजे मऊ बर्फात पाय फार रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट. आधी उत्तर देतो. तुम्ही 25 इंची घ्या, पत्नीसाठी 22 इंची. दोन्ही जोड्यांचा पिव्हट (चवड्याखालचा आडवा सांधा) मोकळा फिरणारा हवा आणि चढावर टाचेला आधार द्यायला उभी करायची तार हवी. पहिल्या दोन-तीन फेऱ्या मात्र भाड्याच्या जोडीवर करा. हे असं का, ते पुढे.

मराठीत आपण स्नो आणि आइस या दोघांनाही बर्फच म्हणतो. स्नोशूंच्या बाबतीत सगळा खेळ या दोन्हींतल्या फरकाचा आहे, म्हणून पुढे स्नोला हिम म्हणतो आणि आइसला बर्फ.

इथल्या रॉकीज पर्वतांतलं ताजं कोरडं हिम घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो भरतं. म्हणजे त्यात नव्वद टक्के किंवा अधिक हवाच असते. त्यावर बूट ठेवला की खालचं हिम दबत जातं, आणि तुमचं वजन पेलण्याइतकं घट्ट होईपर्यंत पाय खाली जातच राहतो. आता हिशेब करा. तुम्ही 78 किलो, कपडे-बूट 5, पाठीवरची सॅक 7, मिळून 90 किलो. चालताना हा सगळा भार क्षणभर एकाच पायावर येतो. बुटाच्या तळाचं क्षेत्रफळ अडीचशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 0.36 किलो. 25 इंच लांब आणि 8 इंच रुंद स्नोशूची टोकं निमुळती धरली तरी अकराशे चौरस सेंटिमीटर मिळतात, म्हणजे दाब 0.08 किलो. दाब पावपटीहूनही कमी झाला, पण शून्य झाला नाही. म्हणून स्नोशू घालूनही पाय खाली जातो. ताज्या हिमात घोट्यापर्यंत, कधी नडगीपर्यंतही. दुकानातल्या चित्रात माणूस हिमावर तरंगताना दिसतो, तसं होत नाही. मांडीपर्यंत रुतायचं ते घोट्यापर्यंत येतं, आणि दिवसभराच्या चालीत हा फरक फार मोठा आहे.

दाबलेलं हिम तसंच राहत नाही. कण एकमेकांना चिकटतात आणि तास-दोन तासांत तुमची पाऊलवाट चांगली टणक होते. त्यामुळे वाट पाडणाऱ्याचे कष्ट सगळ्यात जास्त, मागच्यांचे कमी, आणि परतताना सगळ्यांचेच कमी. दोघंच असाल तर दर दहा मिनिटांनी पुढचा-मागचा बदला.

मापाचा आकडा निवडताना सॅक, पाणी आणि कपड्यांसकट एकूण भार धरा. नुसतं शरीराचं वजन धरू नका, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कंपन्यांचे तक्ते सारखे नसतात, पण डोंगरी वापराच्या बऱ्याच जोड्यांत 22 इंचीची मर्यादा 80 किलोच्या आसपास, 25 इंचीची 100 आणि 30 इंचीची सव्वाशे किलोच्या आसपास असते. तुमचे 90 किलो 25 मध्ये आरामात बसतात. पत्नीचे सॅकसकट 64 किलो 22 मध्ये. मग 30 इंची आणखी चांगले नाहीत का? न तुडवलेल्या जंगलात, ताज्या हिमात, तंबू-सामानासह जायचं असेल तर हो. पण तुमच्यासारख्या नव्याने सुरुवात करणाऱ्यांचं बहुतेक चालणं लोकांनी आधी तुडवलेल्या वाटेवर होतं. तिथे लांब स्नोशू एकमेकांवर पडतात, वळताना अडतात आणि पायातलं वजन वाढवतात. जोडी आधीच पावणेदोन-दोन किलोची असते आणि ती प्रत्येक पावलाला उचलायची असते. माझं मत स्पष्ट आहे: भार पेलणारा सर्वांत लहान आकार घ्यावा. काही 22 इंची मॉडेलना मागे शेपटी जोडता येते आणि लांबी पाच-सहा इंचांनी वाढते. कधी वाटेवर, कधी खोल हिमात असं मिश्र चालणं असेल तर ती सोय फार कामाची.

बायकांसाठी वेगळ्या जोड्या असतात, त्या नुसत्या रंगाने वेगळ्या नसतात. त्या अरुंद असतात, त्यामुळे पाय फाकून चालावं लागत नाही, आणि त्यांचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्नोशूला बांधणारे पट्टे, लहान बुटावर नीट आवळतं.

आकाराइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, विचार पिव्हटचा करा. पावलाचा चवडा जिथे बसतो तिथे एक आडवा सांधा असतो. तो मोकळा फिरणारा असेल तर पाय उचलल्यावर शेपटी खाली लोंबते, वरचं हिम घसरून जातं, आणि चढावर बुटाचं टोक खाली वळवून चवड्याखालचे दात हिमात रोवता येतात. दुसऱ्या प्रकारात सांध्याऐवजी ताणलेला पट्टा असतो, तो शेपटी पायाबरोबर वर खेचतो. सपाटीवर, पडलेल्या ओंडक्यांवरून जाताना आणि मागे सरकताना तो बरा, पण प्रत्येक पावलाला पोटऱ्यांवर हिम उडतं आणि तीव्र चढावर दात पुरेसे रुतत नाहीत. रॉकीजसाठी पहिलाच.

पकड दातांमुळे येते. चवड्याखालचे दात बहुतेक आधुनिक स्नोशूंना असतात. टाचेखालचे दात आणि दोन्ही बाजूंच्या करवती पट्ट्या सगळ्यांना नसतात, स्नोशू मुद्दाम उलटवून बघा. कॅलगरीकडे हिवाळ्यात चिनूक नावाचा उबदार वारा सुटला की तापमान तासा-दोन तासांत शून्याच्या वर जातं, हिमाचा वरचा थर वितळतो आणि रात्री गोठतो. या कडक पापुद्र्यावर आडवं चालताना गोल नळीच्या फ्रेमचे स्नोशू घसरतात, कारण कडेला चावणारं काहीच नसतं. करवती कडा असलेले टिकतात. प्लॅस्टिकच्या सलग डेकचे (डेक म्हणजे चौकटीतला पसरट भाग) स्वस्त आणि दणकट असतात, फक्त पापुद्र्यावर खडखड फार करतात. फोमचे मऊ स्नोशू तुडवलेल्या सपाट वाटेपुरते ठीक.

अ‍ॅश लाकडाची चौकट आणि कातडी वाद्यांची जाळी असलेले पारंपरिक स्नोशूही इथे दिसतील. क्री, ओजिब्वे, वेंडाट अशा मूळ लोकांनी आपापल्या भूमीनुसार त्यांचे आकार ठरवले: मोकळ्या माळावर लांब आणि दोन्ही टोकांना निमुळते, दाट झाडीत अस्वलाच्या पंजासारखे आखूड व गोल. सपाट जंगलातल्या खोल कोरड्या हिमात ते आजही कमी पडत नाहीत. पण त्यांना दात नसतात आणि ओली वादी सैल पडते, म्हणून डोंगरउतारासाठी घेऊ नका.

बाइंडिंग दुकानात जाड हातमोजे घालून आणि स्वतःचे बूट घालून लावून बघा. साधे रबरी पट्टे आणि खुंटी हा प्रकार दिसायला गावठी, पण उणे पंचवीसमध्ये चालतो आणि पट्टा तुटला तर वाटेत बदलता येतो. रॅचेटच्या, म्हणजे खाचांची पट्टी ओढून आवळायच्या बकलच्या, खाचांत बर्फ साचतं. फिरवायची चकती झटपट लागते, पण तिची तार तुटली तर वाटेत दुरुस्ती नाही. ज्या पायात बकल बाहेरच्या बाजूला येतं, तो स्नोशू त्या पायाचा. चवडा बरोबर सांध्यावर हवा. बूट फार पुढे गेला तर टोक डेकच्या कडेवर आपटतं, फार मागे राहिला तर दातांवर वजन येत नाही. दहा-पंधरा मिनिटं चालून पट्टे पुन्हा आवळा, बुटावरचं हिम निघून गेल्यावर ते सैल होतातच. बूट जलरोधक आणि घोट्याच्या वरपर्यंतचे हवेत, वर गेटर, म्हणजे नडगीवरचं हिमरोधक आवरण. पोल (हातातल्या काठ्या) मोठ्या बास्केटचे, म्हणजे टोकाजवळ मोठी चकती असलेले, नाहीतर ते मुठीपर्यंत आत जातात.

चालताना सरळ चढा. आडवं कापत जाणं ही स्नोशूंची सगळ्यात कच्ची बाजू. चढ पंधरा-वीस अंशांच्या पुढे आणि लांब असेल तर टाचेखालची तार उभी करा, पोटऱ्या वाचतात. सपाटीवर ती पाडायला विसरू नका. उतारावर गुडघे सैल, वजन पावलाच्या मध्यावर. भीतीने मागे झुकलं की चवड्याचे दात सुटतात आणि माणूस बसतो. मागे पाऊल टाकायचं टाळा, शेपटी रुतते. अर्धवर्तुळात वळा. उन्हातल्या ओल्या हिमातून सावलीतल्या कोरड्या हिमात गेलं की दातांखाली गोळे चिकटतात आणि उंच टाचांवर चालल्यासारखं होतं. पोलने फ्रेमवर हाणून झाडा.

या भागात एक विशेष त्रास आहे. हिमाचा थर पातळ आणि थंडी कडक असली की तळातलं हिम साखरेसारखं सुट्ट्या दाण्यांचं होतं. ते दाबूनही बांधलं जात नाही, त्यामुळे 30 इंची असले तरी तुम्ही खाली जाल. शिवाय वर नवा थर पडला की हाच तळ हिमप्रपाताला कारण होतो. हा भाग दुकानदार सांगेलच असं नाही. स्नोशू तुम्हाला स्कीवाल्यांइतक्याच धोक्याच्या उतारांवर सहज नेतात. 30 ते 45 अंशांचे उतार आणि त्यांच्या पायथ्याची मोकळी पट्टी, दोन्ही टाळा. अ‍ॅव्हलांच कॅनडाच्या संकेतस्थळावरचं त्या भागाचं हिमप्रपाताच्या अंदाजाचं पत्रक निघण्यापूर्वी वाचा. बॅन्फ आणि कनॅनॅस्किसच्या वाटांना हिमप्रपाताच्या धोक्यानुसार सिंपल, चॅलेंजिंग, कॉम्प्लेक्स असे चढते दर्जे दिलेले असतात. प्रशिक्षणाशिवाय सिंपलच्या पुढे जाऊ नका. पुढे जायचंच असेल तर ट्रान्सीव्हर (गाडला गेलेला माणूस शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (हिमात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं दोघांकडे हवं, आणि ते वापरण्याचा सराव हवा. स्प्रूस-फरच्या खोडांभोवती फांद्यांखाली हिम पोकळ राहतं, म्हणून झाडांपासून अंतर ठेवा.

कुठे जाऊ नये हेही सांगतो. बॅन्फमधल्या जॉन्स्टन कॅन्यन या घळीची वाट हिवाळ्यात घट्ट दाबलेली आणि बर्फाळ असते, तिथे बुटांवर चढवायचे छोट्या खिळ्यांचे मायक्रोस्पाइक हवेत. पुण्या-मुंबईहून आई-बाबा आले तर त्यांच्यासाठीही तेच घ्या. उत्तराखंडमधल्या केदारकांठ्याच्या तुडवलेल्या वाटेवर वापरले जातात तेच हे, अनेक मराठी ट्रेकरना ओळखीचे असतील. कनॅनॅस्किसमधल्या पीटर लॉहीड प्रांतिक उद्यानात स्नोशूंसाठी स्वतंत्र वाटा आखलेल्या आहेत, सुरुवात तिथे करा. स्कीसाठी मशीनने पाडलेल्या खाचांवर पाय ठेवू नका, एका पावलाने त्या बिघडतात. कनॅनॅस्किसला गाडीचा पासही लागतो, आधी ऑनलाइन काढा.

जुनी जोडी मिळत असेल तर पट्टे वाकवून बघा. पांढऱ्या भेगा दिसल्या तर थंडीत तुटणार. सांधा हातात धरून डावी-उजवीकडे हलवा, रिव्हेट मोजा, दात बोथट झालेत का पाहा. सॅकमध्ये एक जादा पट्टा आणि चार-पाच केबल टाय असू द्या. घरी आल्यावर गाडीच्या डिकीत ओले ठेवू नका. पुसून उभे वाळवा, नाहीतर स्टीलचे दात एका हिवाळ्यात गंजतात.