जुन्या कारखान्याच्या जागेवर घरे बांधताना

प्रश्न : इचलकरंजीत आमची गृहनिर्माण संस्था बंद पडलेल्या क्रोमप्लेटिंग (धातूवर क्रोमियमचा मुलामा देण्याच्या) कारखान्याची जागा घेत आहे. मातीचा एक नमुना निर्दोष आला आहे. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर : मुळीच नाही. क्रोमप्लेटिंगमध्ये वापरले जाणारे षट्संयुजी (हेक्साव्हॅलंट) क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप, कर्करोगकारक असून ते पाण्याबरोबर खोल झिरपते, आणि वर मुरमाचा भराव असला की वरची माती स्वच्छच भासते. म्हणून मुलाम्याच्या टाक्या कोठे होत्या, सांडपाणी कोठे सोडले जाई, हे आधी जुन्या कामगारांना विचारा. नेमक्या त्याच जागी भरावाखालची माती आणि जवळच्या विहिरीचे पाणी तपासून घ्या. अहवालात षट्संयुजी क्रोमियमचा आकडा वेगळा मागा. पाणी पिवळसर दिसले, तर ते कृपा करून कोणालाही पिऊ देऊ नका. दूषित स्थळांविषयीचे केंद्राचे नियम २०२५ मध्ये आले आहेत. जागेच्या तपासणीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करा.