सायकल चालवून करंगळी बधिर होते, हातमोजे कोणते घ्यावेत?

प्रश्न: रोज ऑफिसला जाऊन-येऊन २८ किमी सायकल होते. महिनाभरापासून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतंय. हातमोजे जेलचे घ्यावेत की साधे?

उत्तर: हातमोज्यांचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. आमच्या घरात हा शब्द गेली काही वर्षं भांडणाचा विषय आहे.

मी पुण्यातून उंब्रजपर्यंत जाऊन परत, अशी माझी पहिली ३०० किमीची बीआरएम केली, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. मुदत २० तास. बरोबर मेहुणा होता, तो तेव्हा एसआर (सुपर रँडोनिअर, एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० ची पूर्ण करणारा) झालेला, म्हणजे घरात त्याचाच शब्द चालायचा. आदल्या आठवड्यात त्यानेच माझ्या हँडलखालचे तीन स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, काढून हँडल खाली घेतलं होतं. 'दाजी, असं ताठ बसून डेअरीला जातात.' दुसरा उद्योग माझा स्वतःचा. बसायच्या जागेला मुंग्या यायच्या, म्हणून मी सीटचं नाक थोडं खाली झुकवलं होतं. तिथलं दुखणं थांबलं, त्यामुळे मी खुश.

परतताना साताऱ्याच्या पुढे उजव्या करंगळीला मुंग्या आल्या. हात झटकला की जायच्या, पाच-सहा किमीवर परत हजर. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत मुंग्याही थांबल्या. वाटलं, सुटलो. शिरवळला चहाला थांबलो तर बिस्किटाचा पुडा फाटेना. शेवटी दातांनी फाडला. मेहुण्याला म्हटलं, मी इथूनच टेम्पो बघतो. तो म्हणाला, 'राहिलेत किती, पन्नास! आता सोडलंत तर जन्मभर डोक्यात राहील.'

संपवली. १९ तास १० मिनिटं. शेवटी ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे राइडच्या नोंदीच्या कार्डावर, सही करावी लागते. माझी सही अशी आली की कुठल्याही बँकेने चेक परत पाठवला असता.

मी आमच्या भजनी मंडळात तबला वाजवतो. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकवायची असते आणि तर्जनीने चाटेवर मारायचं. त्या गुरुवारी अनामिका किती दाबली जातेय हेच मला कळत नव्हतं. 'ना'चा आवाज फळीवर टिचकी मारल्यासारखा बद्द. दुसऱ्या अभंगाला बुवांनी मागे वळून पाहिलं. काही बोलले नाहीत, पण पुढच्या गुरुवारी माझ्या जागी त्यांचा पुतण्या बसला होता. तो आजही लय पळवतो, पण ते जाऊ द्या.

पहिल्या डॉक्टरांनी बी-१२ ची पाच इंजेक्शनं दिली आणि मानेचा एक्स-रे काढला. दुसऱ्यांनी टेबलावरचा एक कागद उचलला, म्हणाले, अंगठा आणि तर्जनीत सपाट धरा. ते ओढायला लागले. डावा हात टिकला. उजव्या अंगठ्याचं पेर आपोआप वाकलं आणि कागद निसटला. 'सायकल चालवता?' त्यांनीच विचारलं. मग एनसीव्ही, म्हणजे शिरेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी, झाली आणि नक्की ठरलं.

कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत वीज जाते ना, तीच शीर, अल्नर नर्व्ह. ती पुढे मनगटापाशी, तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने, दोन छोट्या हाडांमधून जाते. गियों नावाच्या फ्रेंच सर्जनने १८६१ मध्ये या जागेचं वर्णन केलं, म्हणून तिला गियोंचा बोगदा म्हणतात. आपण हँडलवर रेलतो ते नेमकं तिथेच. माझ्या सीटचं नाक खाली, म्हणून मी सारखा पुढे घसरायचो, आणि हातांनी स्वतःला मागे रेटायचो. त्यात हँडल खाली. म्हणजे बुडाचं दुखणं मी स्वतःच हातात पाठवून दिलं होतं.

चार महिने लागले. त्यात सहा आठवडे सायकल पूर्ण बंद.

आणि मेहुणा आजही सांगतो की दाजींचे हातमोजे जुने झाले होते. मी दोन हजारांचे जेलचे घेऊनही पाहिले. सीट तशीच होती, चाळीस किमीत मुंग्या परत. जेलची जाड गादी चुकीच्या जागी आली तर शीर उलट जास्त दाबते. ज्याने स्पेसर काढले त्याला हातमोज्यांचा दोष दिसणारच.

तुमचं बघा. गवंड्याकडची पाणसळ आणा, नाहीतर मोबाइलमधली वापरा, आणि सीट सपाट करा. मग हँडल जरा वर किंवा जवळ घ्या. माझं नशीब, फोर्कची नळी कापलेली नव्हती, म्हणून स्पेसर परत बसले. शिवाय १०० मिमीचा स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा) काढून ८० चा लावला. लॅपटॉपची सॅक पाठीवर घेत असाल तर आजच कॅरिअरवर बांधा, ते सगळं ओझं तळव्यांवर येतं. कोपर ताठ ठेवू नका. सरळ हँडल असेल तर पंखवाल्या ग्रिप मिळतात, तळव्याला बऱ्या. टायर दगडासारखे टणक भरायची हौस असते लोकांना, मीही २५ मिमीच्या टायरमध्ये ११० पीएसआय हवा भरायचो. आता २८ चे आहेत आणि ८० पुरते.

मुंग्या आल्या की उतरायचं. ३०० ची असो, ६०० ची असो. डीएनएफ (राइड अर्धवट सुटल्याचा शेरा) लागला म्हणून कुणाचं लग्न मोडलेलं ऐकलं नाही.

एक राहिलं. दोन्ही हातांना किंवा पायांनाही मुंग्या येत असतील तर साखर आणि बी-१२ तपासा. पहिले डॉक्टर अगदीच चुकीचे नव्हते, माझं बी-१२ कमी निघालंच होतं. अंगठा-तर्जनी-मधलं बोट बधिर होत असेल तर ती शीर वेगळी. आणि कागद निसटत असेल, बटण लावता येत नसेल, तर पाणसळ राहू द्या, आधी डॉक्टर.

हातमोजे साधे चालतील. उन्हात घाम पुसायला बरे पडतात. सीट दिसेल असा सायकलचा बाजूने काढलेला फोटो खाली टाका, बघून सांगतो.