खाडीत कायाक नांगरून रावस पकडता येईल का? कायाक कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की परदेशातले व्हिडिओ पाहिले, भरती-ओहोटीच्या नदीत कायाक नांगरून लोक साल्मन काढतात. आपला रावस म्हणजे इंडियन साल्मनच, तर कोकणातल्या खाडीत तसं जमेल का.

आधी ते इंडियन साल्मन डोक्यातून काढा. ते नाव हॉटेलच्या मेनूकार्डावरच शोभतं. रावसाचं आणि साल्मनचं दूरचंही नातं नाही. रावसाच्या छातीच्या पराखाली चार सुटे दोरे लोंबतात, त्यांनी तो गढूळ पाण्यात चाचपडत भक्ष्य शोधतो. साल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो, अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो आणि नदीत शिरला की जवळजवळ खाणंच सोडतो. म्हणून तिकडे त्याला भूक लागायची वाट बघत नाहीत, डोळ्यांसमोर चमचमतं काहीतरी फिरवून चिडवतात. ही युक्ती इथे आणून काय करणार?

खाडीत कायाकवरून मागे लागावं असा मासा म्हणजे जिताडा. सिंधुदुर्ग-गोव्याकडे चोणक म्हणतात तोच. त्याचा संसार साल्मनच्या नेमका उलटा. मोठे मासे अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात उतरतात आणि पिल्लं पावसाळ्यात भरतीबरोबर खाजणात, ओढ्यांत चढतात. शिवाय तरुणपणी नर असतो तो मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे कोणी पंधरा किलोच्या जिताड्याबरोबर फोटो टाकून खाली ‘बाप मासा’ लिहिलं असेल, तर ती आई असते.

कायाक कोणती? वर बसायची, आत पाय घालून बसायची नव्हे. दहा ते बारा फूट, रुंद, जाड प्लॅस्टिकची. वल्ह्याची की पायडलची, ते तुमच्या खिशावर. झालं.

आता ‘नांगरून’. तुम्ही हा शब्द सहज लिहून गेलात, म्हणून मी उत्तर लिहायला बसलो.

2017 ची भाऊबीज. ताईचं सासर दाभोळ खाडीच्या काठी, बरंच आत. मी गाडीच्या टपावर कायाक बांधून गेलो होतो. भाऊबीज म्हणजे अमावास्येनंतरची दुसरी तिथी, पाण्याला उधाण. भरतीचा हिशोब काठावरच्या कोणालाही विचारा, तिथीची पाऊणपट: दोनची पाऊणपट दीड, म्हणजे समुद्रावर दीड वाजता पूर्ण भरती. खाडीत जितके आत जाल तितका उशीर. आमच्या जागी साधारण अडीच.

आमचे भावोजी हुशार माणूस. घरातला मिक्सर, पंप, शेजाऱ्यांची मोटरसायकल, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. माझ्या कायाकला नांगर बांधायची सोय नव्हती. त्यांनी एक खुंटीवजा क्लीट आणली, ड्रिलने भोकं पाडली आणि माझ्या मांडीशेजारी, बरोबर मधोमध, उजव्या काठावर चार स्क्रूंनी बसवली. दीड किलोचा घडीचा नांगर, पंचवीस मीटर दोर. अडीचला, पाणी थोपलेलं असताना, धक्क्यासमोर चाचणी झाली. कायाक पाटावर बसल्यासारखी उभी. भावोजी म्हणाले, “बघ, हलतेय का?” नाही हलली. थोपलेल्या पाण्यात हलणार कशाला?

मी चारला निघालो. जिताड्याला सुकती, म्हणजे ओहोटी, हवी. कांदळवनात चढलेलं पाणी बारक्या फाट्यांतून बाहेर पडू लागतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोईटं ओढली जातात, आणि जिताडा फाट्याच्या तोंडाशी, भोवऱ्याच्या आडोशाला, तोंड उघडायच्या तयारीत उभा असतो. तुम्ही फाट्याच्या आत ल्युअर, म्हणजे नकली आमिष, टाकायचं आणि पाण्याच्या वेगाने बाहेर आणायचं. पण तिथे कायाक एका जागी राहत नाही. दर दोन फेकींना वल्हं मारा, परत या, पुन्हा फेका. अर्ध्या तासात कंटाळलो आणि नांगर टाकला.

इथे पाण्याचं गणित सांगतो, कारण ते मला माहीत असून मी विसरलो. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला एकूण पाण्याचा बारावा भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, मग दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. माझे मधले दोन तास साडेचार ते साडेसहा. त्यात या खाडीत उतरणाऱ्या वाशिष्ठी नदीला कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणीही येतं, त्यामुळे नदीचा जोर सुकतीच्या बाजूने.

सव्वापाचला फेकलेलं ल्युअर दोन हात आलं असेल, आणि फटका बसला. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. पाण्यावर फळी आपटावी तसा आवाज होतो. मासा पूर्ण हवेत आला. कल्ले फाकवून डोकं झाडत होता, डोळा निखाऱ्यासारखा लाल. दहा किलोच्या खाली नव्हता. हे मी आठ वर्षं सांगतोय आणि आठ वर्षं भावोजी म्हणतायत की गळ ओंडक्याला अडकला होता. ओंडका उडी मारत नाही, भावोजी.

मासा प्रवाहाच्या वर, नांगराच्या दोराकडे पळाला. मी रॉड उंच धरून त्या बाजूला झुकलो. कायाक एव्हाना प्रवाहाला आडवी झाली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दोर मधोमध बांधलेला, त्यामुळे तो वरच्या बाजूचा काठ खाली ओढत होता. पाणी त्या काठावर चढलं, मांडीवर आलं, आणि पुढच्या क्षणी मी पाण्याखाली. बुडणं असं काही जाणवलंच नाही. कोणीतरी गादीवरची चादर ओढून घ्यावी तसं झालं.

वर आलो ते लाइफ जॅकेटमुळे. कायाक उलटी, दोर ताणलेला, अजून नांगराला बांधलेली, आणि पाणी तिला दाबून धरतंय. सुरी होती. कुठे? झाकणाच्या आत, कोरड्या कप्प्यात, स्वच्छ फडक्यात गुंडाळून. गाठ सोडायला गेलो तर ती पाण्याखाली हातभर, आणि ताणाने दगड झालेली. आणि डोक्यात काय, तर मगर! वाशिष्ठीत मगरी आहेत. खालच्या अंगाला त्या कमी दिसतात वगैरे सगळं मला पाठ होतं. पाण्यात गळ्यापर्यंत उभ्या माणसाला पाठांतराचा उपयोग नसतो.

सुटलो कसा? क्लीट उपटली. चारही स्क्रू प्लॅस्टिकमधून निघून आले. मी कायाकला धरून अर्धा किलोमीटर वाहत गेलो, गुडघाभर चिखलात लागलो आणि बसून राहिलो. खुंट्यावरचं जाळं बघायला आलेल्या एका कोळीदादांनी होडीत घेतलं. त्यांनी एक प्रश्न विचारला, “दोर नाळेला नव्हता?” नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. मी नाही म्हटलं. पुढे रस्ताभर ते बोलले नाहीत.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजले होते. ताईने ओवाळलं, पण तोंड वळवून. ताटात टाकायची नोट ओली होती.

तर आता नीट ऐका. नांगराचा दोर कायाकच्या टोकाला हवा, पुढच्या किंवा मागच्या. मधे कधीच नाही, शांत पाण्यातही नाही, कारण शांत पाणी तासाभराने शांत नसतं. बसल्या जागेवरून टोकापर्यंत हात पोचत नाही, त्यासाठी बाजूने एक फिरती दोरी लावतात: पुढे एक बारकी कप्पी, मागे एक, मधे कडी. दोर कडीत अडकवायचा आणि कडी सरकवत टोकाला न्यायची. याला अँकर ट्रॉली म्हणतात, घरी दोरी आणि दोन कप्प्यांत होते. दोराला एक बोया बांधा आणि एका हाताने सुटेल अशी अडकवणी ठेवा. वेळ आली की दोर सोडून द्यायचा, बोया तरंगतो, नांगर नंतर नेता येतो. सुरी छातीवर, लाइफ जॅकेटलाच. दोर खोलीच्या पाच-सातपट तरी. आणि पाण्यावर फेस धरून रेघा दिसू लागल्या की नांगर टाकायचाच नाही, काठाच्या आडोशाला जाऊन बसा.

साल्मनवाले व्हिडिओत ओहोटीला नांगरतात ते असंच, टोकाला. पुन्हा बघा, कायाकचं नाक प्रवाहाकडे असेल. व्हिडिओ करणारा ते सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते सांगण्यासारखं नाहीच.

आमच्या घरात मात्र या प्रसंगाचं नाव ‘कायाक उलटली’ असं पडलंय. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला भावोजी कोणा ना कोणाला सांगतात: हा ते प्लॅस्टिकचं खेळणं घेऊन गेला होता, उलटलं. उलटणारच, आमची लाकडी होडी बघा. अहो, लाकडी होडी मधोमध बांधून उधाणाच्या सुकतीत आडवी सोडा, तीही तेच करेल. जड असल्यामुळे चार मिनिटं उशिरा करेल. त्याच कायाकवर मी त्यानंतर सात हंगाम काढले. दोर टोकाला. एकदाही नाही.

रॉड-रीळबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी: लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरा, जाड ठेवा, चाळीस पौंडांच्या खाली नको. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, दोराही कापते आणि बोटंही. माशाला कल्ल्यात बोट घालून उचलायचं नाही.

अजून काही गोष्टी, आधी सांगायला हव्या होत्या. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, कायाक उतरवायला म्हणून फांदीही तोडू नका. आणि खुंटे, जाळी दिसली की लांबून जा. ती कोणाची तरी रोजची भाकरी आहे, आपण हौशी. पावसाळ्यात खाडीत कायाक घालूच नका. मगरींच्या पट्ट्यात, म्हणजे वाशिष्ठीत चिपळूणच्या अंगाला किंवा सावित्रीत महाडकडे, मी तर कायाक उतरवणार नाही. रावस मिळतो का, तर खाडीच्या तोंडाशी मिळतो कधीमधी. मला मिळालेला नाही.

आणि प्रामाणिकपणे एक: क्लीट मधे बसवा असं भावोजींना मीच म्हणालो होतो. हाताशी हवी म्हणून. पण दोर क्लीटवर नुसता आठच्या आकड्यात गुंडाळायचा असतो, म्हणजे ताण असतानाही हाताने उलगडता येतो. त्यावर दोन करकचून गाठी मारल्या त्या त्यांनी, ‘सुटायला नको’ म्हणून. ते म्हणतात, मारल्याच नाहीत.

पुढच्या अमावास्येच्या सुकतीला मी त्याच कोळीदादांबरोबर तिथे गेलो. फाट्याचं तोंड उघडं पडलं होतं. नांगर एका जुन्या खुंट्यात अडकलेला, दोर चिखलात, आणि दोराच्या टोकाला क्लीट, चार वाकडे स्क्रू, दोन गाठी. आता ते सगळं माझ्या पडवीत खिळ्याला टांगलंय. भावोजी घरी येतात तेव्हा चहा तिथेच देतो.