ठसा जुळला, पण पुढे काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की बायोमेट्रिक (म्हणजे ठसे, चेहरा, डोळे यांवरून माणूस ओळखणं) आणि देशाची सुरक्षा या विषयावर तुमच्या मनात काय काय शंका आहेत, त्या पाठवा. तुम्ही भरभरून पाठवल्यात. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रांना थोडी कात्री लावलीय, राग मानू नका.

प्रश्न: सर, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. माझा साधा प्रश्न आहे. सगळ्यांचे ठसे, चेहरे, डोळे सरकारकडे असले आणि प्रत्येक एअरपोर्ट, स्टेशनवर कॅमेरे लावले तर अतिरेकी लपणार कुठे? मग सगळे देश हे पटापट करून का टाकत नाहीत?

अरे, निम्म्या पत्रांत हाच प्रश्न होता म्हणून जरा सविस्तर सांगतो. बायोमेट्रिकची दोन कामं असतात आणि आपण नेहमी त्यांची गल्लत करतो. पहिलं काम म्हणजे 'मी अमुक' असं सांगणारा माणूस खरंच तो अमुक आहे का हे बघणं. पासपोर्टच्या चिपमध्ये तुझा फोटो आहे, गेटवरचा कॅमेरा तुझा चेहरा टिपतो, दोन्ही ताडून बघतो, गेट उघडतं. चिपवाला बायोमेट्रिक पासपोर्ट मलेशियाने १९९८ मध्ये सर्वात आधी काढला आणि आता शंभरावर देशांत तो आहे, कारण हे काम मशीन खरंच चांगलं करतं, आठ तास पासपोर्ट बघून डोळे शिणलेल्या माणसापेक्षा तर नक्कीच चांगलं.

दुसरं काम म्हणजे समोरून जाणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याला संशयितांच्या यादीतल्या प्रत्येक फोटोशी लावून बघणं. तू ज्याची कल्पना करतोयस ते हे. आता एक गणित मांड, आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतलेत. एका मोठ्या एअरपोर्टवरून दिवसाला १ लाख माणसं जातात आणि सिस्टीम इतकी भारी आहे की निरपराध माणसाच्या बाबतीत ती हजारात एकदाच चुकते. म्हणजे दिवसाला १०० खोटे अलार्म. आणि यादीतला खरा माणूस तिथून जातो समज महिन्यातून एकदा, तर ३,००० खोट्या अलार्ममागे एक खरा. आता त्या स्क्रीनसमोर बसलेल्या गार्डचा विचार कर, पहिल्या दिवशी तो प्रत्येक अलार्मला धावत जाईल, आठवड्याने मान वर करेल, महिन्याभराने 'वाजतंय ते वाजू दे' म्हणेल, आणि खरा माणूस नेमका तेव्हाच जाईल. सिस्टीम कडक कर, चुका कमी होतील असं म्हणशील, होतील ना, पण मग टोपी-मास्क घातलेला, दाढी वाढवलेला खरा माणूसही जास्त वेळा सुटेल. एक बाजू दाबली की दुसरी वर येते, यातून सुटका नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातले अपहरणकर्ते बहुतांशी स्वतःच्याच नावाने विमानात चढले होते. त्यातल्या दोघांची नावं तर ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेच्या वॉचलिस्टवर, म्हणजे संशयितांच्या यादीवर, आलेली होती, पण विमानात कुणाला चढू द्यायचं हे ठरवणाऱ्यांपर्यंत ती माहिती पोचलीच नाही. तिथे बोटांचे ठसे घेतले असते तर ते 'हा तोच माणूस आहे' असंच म्हणाले असते, आणि तो होताच. ओळख पटवणं वेगळं आणि मनात काय आहे ते कळणं वेगळं, हे उत्तरपत्रिकेत लिहिलंस तरी चालेल.

प्रश्न: ताई म्हणू की दादा माहीत नाही :) पण ठसे तर खोटे करता येत नाहीत ना? प्रत्येकाचे वेगळे असतात असंच शाळेपासून ऐकलंय.

दादा म्हणा. ठसे वेगळे असतात हे खरंच आहे. पण शंख, चक्र असा नुसता आकार मशीनला पुरत नाही, रेघ कुठे संपते, कुठे दोन फाटे फुटतात, अशा बारीक खुणांच्या जागा ते मोजतं आणि त्या जुळवतं. गडबड इथे आहे की मशीनला बोट दिसत नाही, बोटाचं चित्र दिसतं. चित्र हुबेहूब असलं की झालं. जपानच्या त्सुतोमु मात्सुमोतो या प्राध्यापकांनी २००२ मध्ये जिलेटिनची नकली बोटं बनवून तेव्हाचे बरेचसे स्कॅनर फसवून दाखवले होते. २०१४ मध्ये जर्मनीतल्या एका हॅकरने तिथल्या तेव्हाच्या संरक्षण मंत्री उर्सुला फॉन डेअर लायन यांच्या अंगठ्याचा ठसा पत्रकार परिषदेत काढलेल्या फोटोंवरून तयार करून दाखवला. म्हणजे ठसा चोरायला बोटाला हात लावायचीही गरज उरली नाही.

सीमेवरचे किस्से तर याहून भारी. जपानने २००७ च्या नोव्हेंबरपासून बाहेरून येणाऱ्या परदेशी लोकांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. तिथून हद्दपार झालेल्या एका चिनी बाईने ऑपरेशन करून उजव्या हाताच्या बोटांची त्वचा डाव्या हाताला आणि डाव्याची उजव्याला लावून घेतली, कारण मशीन उजवा अंगठा उजव्या अंगठ्याशीच ताडून बघतं. आणि ती आत गेली! २००९ मध्ये पकडली गेली ती खोट्या लग्नाच्या प्रकरणात, पोलिसांना बोटांवर विचित्र व्रण दिसले तेव्हा. लक्षात घ्या, मशीनच्या नजरेतून सुटलं ते माणसाच्या नजरेत आलं.

तिकडे संयुक्त अरब अमिरातीने सीमेवर बुबुळाचे स्कॅनर लावले, हद्दपार केलेले लोक नवीन नावाचा नवीन पासपोर्ट काढून परत यायचे ते धडाधड सापडायला लागले. मग काही जणांनी काय केलं तर डोळ्यांत अॅट्रोपिनचे थेंब घालून यायला लागले, डोळे तपासताना डॉक्टर बाहुली मोठी करायला घालतात तसे. बाहुली इतकी पसरते की भोवतीचं बुबुळ आक्रसून नुसती कड उरते आणि जुळणी फसते. अधिकाऱ्यांच्या हे लक्षात आलं, त्यांनी बाहुलीचा आकारही तपासायला सुरुवात केली, फारच मोठी दिसली की त्या माणसाला थांबवायचं. आता स्कॅनरमध्ये 'समोर जिवंत माणूस आहे का' हे तपासायच्या बऱ्याच युक्त्या असतात, त्वचेच्या आतून परतणारा प्रकाश बघणं वगैरे. चोर-पोलिसांचा खेळ आहे, चालूच राहणार.

प्रश्न: माझे वडील गवंडीकाम करतात, सिमेंटने बोटं इतकी घासली आहेत की कुठल्याच मशीनवर ठसा येत नाही. उद्या कुठे परदेशात जायची वेळ आली तर त्यांना संशयित समजतील का हो?

समजू नये, पण अडचण होऊ शकते हे खरं आहे. २००९ मध्ये कर्करोगाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका केसची माहिती छापून आली होती. सिंगापूरचे ६२ वर्षांचे गृहस्थ, कॅपेसिटाबिन नावाचं कर्करोगाचं औषध चालू होतं, त्या औषधाने तळहाताची आणि बोटांची कातडी सोलवटते. अमेरिकेत नातेवाईकांना भेटायला गेले तर ठसेच उमटेनात, त्यांना ४ तास बसवून ठेवलं. शेवटी धोका नाही अशी खात्री पटल्यावर सोडलं, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा असं सांगितलं.

वडिलांच्या बाबतीतही तेच करा, त्वचेच्या डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या. प्रवासाच्या आधीचे काही दिवस सिमेंटपासून लांब राहिले आणि हातांना क्रीम लावत राहिले तर बऱ्याचदा फरक पडतो, कोरड्या बोटांचा ठसा नीट येत नाही. बाकी नीट विचार करून बनवलेल्या सिस्टीममध्ये बोट चाललं नाही तर चेहरा, चेहरा नाही तर बुबुळ, आणि काहीच नाही तर समोरासमोर चौकशी, अशी दुसरी वाट ठेवलेलीच असते. जिथे नसते तिथे दोष सिस्टीमचा, तुमच्या वडिलांच्या बोटांचा नाही.

प्रश्न: जुळे भाऊ असतील तर?

चेहऱ्यात मशीन गोंधळू शकतं. ठसे आणि बुबुळं मात्र एकसारख्या जुळ्यांचीही वेगळी असतात. बुबुळाचं तर असं आहे की तुमचा डावा डोळा तुमच्याच उजव्याशी जुळत नाही.

प्रश्न: मी निवृत्त सैनिक आहे. तुमच्या मागच्या लेखात तुम्ही लिहिलं होतं की चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांवर कायद्याचा लगाम हवा. देशाच्या सुरक्षेपुढे हे प्रायव्हसीचं रडगाणं कशाला? ज्याने काही केलं नाही त्याने घाबरायचं कारण काय?

साहेब, तुमचा राग मी समजू शकतो आणि अमिरातीचं उदाहरण वर दिलंच आहे, सीमेवर हे तंत्र उपयोगाचं आहे यात वाद नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही २०१७ च्या डिसेंबरमध्ये ठराव क्रमांक २३९६ करून सगळ्या देशांना अतिरेकी ओळखण्यासाठी बायोमेट्रिक यंत्रणा उभारायला सांगितलंय, फक्त मानवी हक्कांच्या कायद्याला धरून करा असंही त्यातच म्हटलंय. पण 'काही केलं नाही तर घाबरायचं कशाला' याला माझ्याकडे एक उत्तर आहे आणि ते प्रायव्हसीचं नाही, सुरक्षेचंच आहे.

मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, १९० हून जास्त माणसं गेली. स्पेनच्या पोलिसांना एका प्लॅस्टिकच्या पिशवीवर ठसा मिळाला, पिशवीत डिटोनेटर (बॉम्ब उडवणारे सुटे भाग) होते. ठसा एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेकडे गेला, त्यांच्या कॉम्प्युटरने मिळत्याजुळत्या २० जणांची यादी काढली. त्यात चौथ्या नंबरवर ओरेगॉन राज्यातला एक वकील होता. एफबीआयच्या तीन तज्ज्ञांनी सांगितलं हाच तो. पुढे कोर्टाने नेमलेल्या वेगळ्या तज्ज्ञानेही मान डोलावली. त्या वकिलाचा पासपोर्ट संपलेला, वर्षानुवर्षं तो देशाबाहेर गेल्याची कुठेही नोंद नाही, आणि स्पेनचे पोलीस एप्रिलपासून सांगतायत की आमच्या मते हा ठसा जुळत नाही. तरी त्याला मे महिन्यात उचलला, दोन आठवडे आत ठेवला. मग स्पेनने तोच ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं सांगितलं तेव्हा कुठे सुटका. एफबीआयला जाहीर माफी मागावी लागली, २००६ मध्ये २० लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. नंतरच्या सरकारी चौकशीत म्हटलंय की त्या वकिलाने इस्लाम स्वीकारलेला होता वगैरे गोष्टींमुळे चूक परत तपासायला एफबीआयने उशीर केला असावा.

आता सैनिक म्हणून सांगा, त्या दिवसांत एवढे तज्ज्ञ, एवढे अधिकारी एका चुकीच्या माणसाच्या मागे लागले होते, याने देश सुरक्षित झाला का? लगाम म्हणजे मशीन बंद करा असं नाही हो. मशीनने नाव सुचवलं की ते संशय म्हणून धरायचं, पुरावा म्हणून नाही, दुसऱ्या माणसाने पहिल्याचं उत्तर न बघता तपासायचं, आणि चूक झाली तर ती कुणाची हे लिहिलेलं असायचं. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये चेहरा ओळखणाऱ्या ढीगभर सॉफ्टवेअरची चाचणी घेतली, त्यात बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या बाबतीत भलत्यालाच 'हा तोच' म्हणायचं प्रमाण गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा १० ते १०० पट जास्त निघालं. म्हणजे ज्याने काही केलं नाही तोही अडकतो, आणि कोण जास्त अडकतो ते आधीच ठरलेलं असतं. युरोपियन युनियनने म्हणूनच आपल्या एआय कायद्यात सार्वजनिक जागी पोलिसांनी लाइव्ह चेहरा ओळखण्यावर बंदी घालून ठेवलीय, अतिरेकी हल्ल्याचा खरा धोका, हरवलेली व्यक्ती अशा ठरावीक कारणांना सूट देऊन, आणि फेब्रुवारी २०२५ पासून ती लागू आहे. मला हा मधला रस्ता बरा वाटतो, तुम्हाला पटलं नाही तर जरूर लिहा.

प्रश्न: पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, ठसा चोरीला गेला तर काय करायचं? खूप दिवस हा प्रश्न डोक्यात आहे.

बरोबर जागी बोट ठेवलंत. २०१५ मध्ये अमेरिकन सरकारच्या कर्मचाऱ्यांची माहिती सांभाळणाऱ्या कार्यालयातून सव्वादोन कोटींच्या आसपास लोकांची माहिती चोरीला गेली, त्यात ५६ लाख लोकांचे ठसेही होते. त्यातल्या कुणी उद्या नाव बदलून परदेशात गुप्त काम करायचं ठरवलं तर? बोटं तर तीच राहणार. म्हणजे सुरक्षेसाठी गोळा केलेली वस्तूच सुरक्षेचं भोक होऊन बसली.

याहून वाईट उदाहरण अफगाणिस्तानचं. अमेरिकन सैन्याने तिथे हातात धरायची यंत्रं वापरून लोकांची बुबुळं, ठसे, चेहरे नोंदवले होते, त्यात त्यांना मदत करणारे स्थानिक लोकही आले. २०२१ मध्ये तालिबान आलं आणि यातली काही यंत्रं त्यांच्या हाती पडली. २०२२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी असलंच एक जुनं यंत्र ईबेवर ६८ डॉलरला विकत घेतलं, मेमरी कार्डमध्ये २,६३२ लोकांची माहिती जशीच्या तशी होती, साधं एन्क्रिप्शनही (कुणाला वाचता येऊ नये म्हणून घातलेलं सांकेतिक कुलूप) नाही.

उपाय आहेत. ठशाचं चित्र न ठेवता त्याचा बदललेला कोड ठेवायचा, फुटला की नवीन सूत्राने नवीन कोड काढायचा. किंवा केंद्रीय डेटाबेस न करता ठसा फक्त माणसाच्या स्वतःच्या कार्डातल्या चिपवर ठेवायचा. पण सरकारांना दुसरा उपाय फारसा आवडत नाही, कारण मग शोधायला यादीच उरत नाही.

प्रश्न: माझी भाची जर्मनीत शिकते. तिथल्या कार्डासाठी आता स्वतः काढलेला फोटो चालत नाही म्हणाली. एवढा काय फरक पडतो?

फरक पडतो, कारण सगळ्यात सोपी चोरी गेटवर होत नाही, अर्जाच्या खिडकीवर होते. दोन माणसांचे चेहरे कॉम्प्युटरवर असे मिसळता येतात की तयार झालेला फोटो दोघांसारखाही दिसतो. तो फोटो एकाने पासपोर्टला दिला की पासपोर्ट अस्सल, चिप अस्सल, आणि गेट मात्र दोघांनाही उघडतं. इटलीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं. २०१८ मध्ये जर्मनीतल्या काही कलाकार-कार्यकर्त्यांनी फेडेरिका मोगेरिनी या तेव्हाच्या युरोपियन नेत्यांचा चेहरा आपल्यातल्या एकीच्या चेहऱ्यात मिसळून चक्क खरा जर्मन पासपोर्ट मिळवला. म्हणून १ मे २०२५ पासून तिथे कागदी फोटो बंद, एकतर ऑफिसातल्या मशीनवर काढायचा नाहीतर मान्यता असलेल्या फोटोग्राफरकडे, जो तो ऑनलाइन थेट ऑफिसला पाठवतो. भाचीला सांगा अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी तिच्या ऑफिसात मशीन आहे का ते विचारून घे, नसेल तर आधीच फोटोग्राफरकडे जाऊन ये.