माकडाचा सांगाडा: नर की मादी?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या कपाटात लाल तोंडाच्या माकडांचे दोन जुने सांगाडे आहेत. चिठ्ठ्या गळून पडल्या आहेत. मोठा नराचा, लहान मादीचा असं धरायचं का? आणि नर वजनाने जेवढा जास्त, तेवढेच त्याचे अवयवही मोठे असतात का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नुसता आकार बघून चिठ्ठी लावू नका. महाबळेश्वरला दिसतात ती, डोक्यावर केसांची टोपी असलेली ही माकडं. पूर्ण वाढलेला नर सरासरी साडेसहा-सात किलोंचा, मादी चारेक किलोंची. म्हणजे वजन सुमारे १.७ पट. हाडं मात्र तेवढी लांब नसतात. वजन घनफळाबरोबर वाढतं, म्हणून १.७ चं घनमूळ काढा : जेमतेम १.२. एवढा फरक तर वयामुळेही पडतो, आणि अर्धवट वाढलेला नर हमखास मादी ठरतो.

म्हणून आधी वय बघा. दंडाच्या हाडाचं खांद्याकडचं टोक आणि पुढच्या हाताच्या हाडांची मनगटाजवळची टोकं हाडाच्या मधल्या भागाशी उशिरा जुळतात. तिथे फट दिसली, तर वाढ चालू होती. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे मादीची हाडं लवकर जुळतात. नर पुढेही वाढत राहतो.

मग सुळे. खात्री इथेच पटते. नराचा वरचा सुळा लांब, सुरीसारखा, पुढच्या बाजूला उभी खोबण. तो खालच्या पहिल्या उपदाढेवर (सुळ्यामागच्या छोट्या दाढेवर) घासून धारदार राहतो, म्हणून त्या उपदाढेची पुढची बाजू लांबट, उतरती असते. म्हाताऱ्या नराचा सुळा तुटलेला असला तरी मुळाची जाडी लपत नाही.

कमरेचं हाड तारेने जोडलेलं असेल तर जननमार्गाची रुंदी मोजू नका. तार सैल-घट्ट झाली की माप चुकतं. त्यापेक्षा जघनास्थीची (कमरेच्या हाडाच्या पुढच्या भागाची) लांबी आसनास्थीच्या (बसताना टेकणाऱ्या भागाच्या) लांबीशी ताडून बघा, मादीत ती तुलनेने जास्त भरते. नराच्या शिश्नात छोटं हाड असतं, पण सांगाडा साफ करताना ते बहुधा हरवतं. ते नाही म्हणून मादी, असं म्हणू नका.

आता अवयव. हृदय, यकृत साधारण शरीराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतात. मेंदू तसा वाढत नाही. नराचा मेंदू थोडासाच मोठा, त्यामुळे शरीराच्या मानाने मादीचाच मोठा भरतो. वृषणांचं गणित आणखी वेगळं. या माकडांच्या टोळीत अनेक नर असतात, एकाच मादीशी अनेकांचा समागम होतो, म्हणून भरपूर शुक्राणू बनवणारे मोठे वृषण. काळतोंड्या वानरांच्या कळपात बहुतेकदा एकच प्रौढ नर असतो. अंगाने तो कितीतरी थोराड, पण शरीराच्या मानाने त्याचे वृषण लहान.