सोलो बाजूला ठेव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

गाजलेल्या गिटारवाल्यांची तुझी यादी वाचली. हेंड्रिक्स, पेज, यू२चा एज, रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स, क्लॅप्टन, सगळ्यांपुढे एकच शेरा: ओव्हररेटेड. कारण काय, तर इन्स्टाग्रामवरची चौदा-पंधरा वर्षांची पोरं त्यांच्यापेक्षा जोरात आणि स्वच्छ वाजवतात. वाजवतात, नाही कोण म्हणतंय? वेगावरच निकाल लावायचा असेल तर हे पत्र इथेच संपलं.

पण आधी हे ‘रेटिंग’ कोण करतं ते बघ. रोलिंग स्टोन मासिकाच्या २००३च्या शंभर गिटारवादकांच्या यादीत एडी व्हॅन हेलन सत्तरावा होता. २०११मध्ये तोच आठवा झाला आणि २०२३मध्ये चौथा. कर्ट कोबेन २००३मध्ये बारावा, २०११मध्ये त्र्याहत्तरावा. कोबेन गेला १९९४ साली, तेव्हा मधल्या आठ वर्षांत त्याचा हात बिघडायचा प्रश्नच नव्हता. बदलली ती मतं देणाऱ्यांची आवड. २००३च्या शंभरात बायका दोनच होत्या, जोनी मिचेल आणि जोन जेट. सिस्टर रोझेटा थार्प १९७३मध्ये वारली आणि २०२३च्या यादीत सहावी आली. असल्या आकड्यांशी भांडण्यात तुझी संध्याकाळ वाया घालवू नकोस.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. यातले बहुतेक वादक ओव्हररेटेड नाहीत, त्यांचे सोलो, म्हणजे गाणं थांबून गिटार एकटीच पुढे येते ते तुकडे, आहेत. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं ते भलत्याच कारणासाठी. माणूस पारखायचा तर गाणारा गात असताना तो मागे काय करतोय ते ऐकावं, आणि त्यातही तारा छेडणारा हात ऐकावा.

व्हॅन हेलनपासून सुरुवात कर. त्याचं ‘इरप्शन’ म्हटलं की सगळ्यांना टॅपिंग, म्हणजे उजव्या हाताची बोटंही गिटारच्या मानेवर आपटून स्वर काढणं, आठवतं. पण टॅपिंग काही त्याने शोधलेलं नाही, जेनेसिसचा स्टीव्ह हॅकेट १९७१च्या रेकॉर्डवर ते करत होता. आता १९७८चा तो पहिला अल्बम लाव. त्यात गिटार बहुतेक ठिकाणी डाव्या बाजूला आहे आणि उजवीकडे तिचा नुसता घुमारा. उजव्या कानातला इअरफोन काढ आणि ‘एन्ट टॉकिन बाउट लव्ह’चा रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, ऐक. तळहाताची कड तो ब्रिजवर (तारा खाली जिथे टेकतात ती पट्टी) कुठे टेकवतो आणि कुठल्या स्वराला उचलतो, तिथेच सगळी गंमत आहे. सोबत वाजवायचं तर गिटार अर्धा स्वर उतरवून घे. हात जरा जास्त पुढे, पिकअपकडे सरकला की स्वर मरून नुसता ठक् असा आवाज येतो, फार मागे गेला की तार उघडी वाजते. सोलो हुबेहूब काढणारी पोरं नेमकी या रिफमध्ये अडखळतात.

हेंड्रिक्सच्या बाबतीत तर आणखीच उलटं झालंय. फीडबॅक, दातांनी वाजवणं, वुडस्टॉक, यांच्या गर्दीत त्याचं कॉर्ड (एकदम वाजणारे स्वर) धरणं झाकून गेलं. ‘पर्पल हेझ’मधली ती प्रसिद्ध कॉर्ड धरून बघ: सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार उघडी, पाचवीवर सातवा फ्रेट (मानेवरची धातूची पट्टी), चौथीवर सहावा, तिसरीवर सातवा, दुसरीवर आठवा. ई हा सा मानलास तर चौथ्या तारेवर शुद्ध गंधार आहे आणि दुसऱ्या तारेवर कोमल गंधार, दोन्ही एकदम. ती कानाला का टोचते हे तुझ्या गाण्याच्या बाईंना विचारलंस तरी त्या सांगतील.

मग ‘लिटल विंग’ घे. तिथली जी कॉर्ड बारेने, म्हणजे पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून, धरू नकोस. मान वरून पकडून अंगठ्याने सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाब आणि अंगठ्याचं टोक पाचव्या तारेला नुसतं टेकव, म्हणजे ती मुकी होईल. पहिलं बोट पहिल्या दोन तारांवर आडवं, तिसऱ्या फ्रेटला. दुसरं बोट तिसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर, तिसरं बोट चौथ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर. आता करंगळी मोकळी राहिली की नाही? बारेमध्ये ती अडकलेली असते. त्या करंगळीने दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवरून पाचव्यावर हॅमर-ऑन कर, म्हणजे तार पुन्हा न छेडता बोट आपटून स्वर काढ, आणि खालची कॉर्ड वाजती ठेव. खालचा बासचा स्वर, कॉर्ड आणि वरची सुरावट एकाच हातातून येते ती अशी. तिघांच्या बँडमध्ये दुसरा गिटारवाला नव्हताच, मग भरणार कोण?

अंगठा पोचत नाही म्हणशील. बहुतेकदा हात लहान नसतो, गिटार आडवी धरलेली असते. हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) खांद्याच्या उंचीला आण आणि मान अंगठा व तर्जनीच्या बेचक्यात बसू दे. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर मात्र हा हट्ट करू नकोस. तिची मान नटपाशी (खुंट्यांकडची पट्टी) साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते, इलेक्ट्रिकची ४२-४३. मनगटात कळ आली तर थांब.

आता एज. ‘डिले काढून घेतला तर त्याच्याकडे उरतं काय?’ असं तू लिहिलंयस. डिले म्हणजे वाजवलेला स्वर ठराविक वेळाने पुन्हा ऐकवणारं यंत्र. प्रश्न चांगला आहे, फक्त उलटा विचारायला हवा: डिले लावून तुला वाजवता येतं का? मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर ठेव. एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद, त्याचे तीनचतुर्थांश ३७५. डिले ३७५वर लाव, पुनरावृत्ती एक किंवा दोनच, आणि तिचा आवाज मूळ स्वराच्या जवळजवळ बरोबरीने. एकाच मुक्या तारेवर ठोक्याला दोन असे सारखे आघात कर. तुझे आघात पडतात ०, २५०, ५०० आणि ७५०ला, त्यांचे पडसाद ३७५, ६२५ आणि ८७५ला, म्हणजे बरोबर मधल्या फटींत. हात दोनचा आणि ऐकू येतं चारचं. यात दोन चुका हमखास होतात. एक, मोहात पडून ठोक्याला चार आघात करणं. मग पडसाद तुझ्याच आघातांवर येऊन बसतात आणि नुसता चिखल होतो. दुसरी, पडसाद इतका बारीक ठेवणं की तो ऐकूच येत नाही. आणि एखादा आघात जरासा जरी पुढेमागे झाला, तरी तो डिले पुन्हा एकदा वाजवून दाखवतो. हे यंत्र चूक झाकत नाही गं, तिची चुगली करतं. एज पिकही (तार छेडायची चकती) उलटी धरतो, पकडीसाठी असलेली खरबरीत बाजू तारेकडे. स्वराच्या सुरुवातीची ती खरखर तिथून येते.

कीथ रिचर्ड्सला ‘तीन कॉर्डवाला’ म्हणालीस. त्याची गिटार आधी तशी लावून तर बघ. सहावी तार काढून टाक, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. उरलं जी, डी, जी, बी, डी, यालाच ओपन जी म्हणतात. पाचव्या फ्रेटवर एक बोट आडवं टाकलं की सी मेजर. तेच बोट दाबून ठेवून चौथ्या तारेचा सातवा आणि दुसऱ्या तारेचा सहावा फ्रेट दाब, की एफ आली, उचल की परत सी. ‘स्टार्ट मी अप’चा जीव एवढाच. पण ती बोटं नेमकी कधी उचलायची आणि ढोलाआधी किती श्वास थांबायचं, ते टॅबमध्ये (कुठली तार, कुठला फ्रेट हे लिहिलेल्या कागदात) लिहिलेलं नसतं.

पिंक फ्लॉइडच्या गिलमोरवर तू शेरा मारला नाहीस, म्हणून थोडक्यात. ‘कम्फर्टेबली नम्ब’चा शेवटचा सोलो त्याने पाच-सहा वेळा वाजवून, चांगले चांगले तुकडे निवडून जुळवला. ही फसवणूक नव्हे, संपादन आहे. त्याचे बेंड, म्हणजे तार ताणून चढवलेले स्वर, ट्यूनर लावून तपास: तिसऱ्या तारेचा नववा फ्रेट आधी साधा वाजव, मग सातव्यावरून ताणून तिथे पोच. तिसऱ्या बोटामागे पहिली दोन बोटं लाव आणि जोर मनगटाचा ठेव. बहुतेकांचा बेंड किंचित उतरलेला राहतो. मींड ऐकून वाढलेल्या कानाला तरी ते लगेच खटकायला हवं.

उरले दोघे. पेजच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये बोटं घसरतात, यावर तुझं म्हणणं मान्य. पण तो एकावर एक गिटारचे थर रचणारा माणूस आहे, त्याला स्टुडिओतच ऐकावं. (१९७२मध्ये तो आणि त्याच्या लेड झेपेलिन बँडचा गायक प्लांट मुंबईत इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ वाजवून गेले, तेही मिळवून ऐक.) क्लॅप्टनबाबत मात्र मी तुझ्या बाजूचा. १९६६मध्ये लेस पॉल गिटार मार्शल अॅम्पला लावून आवाज पूर्ण चढवला, तेव्हा तो आवाज नवा होता. पुढची कित्येक वर्षं त्याच पेंटॅटॉनिकच्या, म्हणजे पाच स्वरांच्या, चौकटीत फेऱ्या मारणं, याला एवढं देवपण कशाला?

आता काम. यादीतला एक माणूस निवड आणि सोलो नसलेली आठ मात्रांची चार आवर्तनं बसव, आधी मूळ वेगाच्या साठ टक्क्यांवर, मग रोज पाच-पाच टक्के वाढवत. मूळ रेकॉर्डिंगवर फोनने तुझं रेकॉर्डिंग कर आणि दोन्ही एकत्र ऐकून बघ कुठे फाटतंय. तेवढाच तुकडा मला पाठव. डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा परिणाम) कमी ठेव, त्यात सगळंच बरं वाटतं.

तुझा,
गिटारवाला काका

ता. क. ओपन जी तुझ्या फ्लॉइड रोझवाल्या, म्हणजे स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या ब्रिजच्या, गिटारवर लावू नकोस. एक तार काढून दोन सैल केल्या की स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि उरलेल्या तारा चढतात. त्या उतरवल्या की पुन्हा बाकीच्या बिघडतात, अख्खा रविवार जाईल. घरातली जुनी फिक्स ब्रिजची घे.